‘बघतो, कळवतो’च्या पलीकडे

महिनाअखेरीला मोबाइलवर पगाराचा मेसेज वाजला की आपण काय करतो? वीकएंडचा प्लॅन! आता जालन्याहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईत उतरलेल्या एखाद्या होतकरू नटाचा विचार करा. त्याला ना पगार, ना बॉस, ना अप्रेझल. ऑडिशननंतर ऐकू येतं ते एवढंच, ‘बघतो, कळवतो.’ रात्री आईचा फोन, ‘टीव्हीवर कधी दिसणार रे?’ उत्तर ठरलेलं, ‘मस्त चाललंय गं!’

स्टील आणि बियाण्यांच्या या गावात नाटकवेडे कमी नाहीत. रीतसर शिकायचं तर साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथं आवाज घडतो, हालचाल घडते. पण लागोपाठ दहा नकार पचवायचे कसे? कामाचे पैसे मागायचे कसे? आपल्याला निदान एचआर तरी असतो (त्याचा उपयोग किती, हा वेगळा विषय!).

मराठवाड्याच्याच ‘जिगीषा’चं बघा. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि मंडळी औरंगाबादहून ऐंशीच्या दशकात मुंबईला गेली ती एकेकटी नाही, ग्रुपनं. १९९१ साली याच जोडीचं ‘चारचौघी’ रंगमंचावर आलं. टॅलेंट तर होतंच. पण पडत्या दिवसांत शेजारी आपल्या गावचं माणूस असणं, ही माझ्या मते मेंटॉरिंगची सगळ्यात स्वस्त आणि मस्त आवृत्ती.

मित्रांनाही मर्यादा असतात म्हणा. झोपच उडाली, जेवण तुटलं, खोलीबाहेर पडावंसं वाटेना, तर चहा-कटिंगवर भागत नाही. नाट्यसृष्टीला हे नवं नाही. ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस, अर्थात डॉ. मोहन आगाशे, पेशानं मनोविकारतज्ज्ञ. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकही होते. त्यांची निर्मिती असलेला ‘कासव’ (२०१६) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. त्यात डिप्रेशनमधल्या अनोळखी पोराला जानकी आसरा देते आणि, महत्त्वाचं म्हणजे, प्रश्न विचारून भंडावत नाही. सिनिअर मंडळींनी एवढं जमवलं तरी पुष्कळ.

आणि ऐन रात्री कुणीच नसेल तर? सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. मोबाइलमध्ये नुसतं ‘मानस’ म्हणून सेव्ह करा. रूममेटला वाटेल, कुणीतरी कास्टिंगवाला असेल!