जांभूळच्या पाण्यापासून न्हावा-शेवाच्या धक्क्यापर्यंत

अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांची पिंपे भरून कंटेनरला सील लागते, तेव्हा त्या मालात जांभूळचाही वाटा असतो. बारवी धरणातून सुटलेले पाणी या गावातल्या एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होऊन कारखान्यांना जाते. तयार माल ट्रेलरवर चढतो आणि खोणी-तळोजामार्गे न्हावा-शेवाची वाट धरतो. अंबरनाथ-बदलापूर परिसरातून समुद्र दिसत नाही. बंदराची गर्दी मात्र इथल्या रस्त्यांवर रोज दिसते.

कंटेनरचे युग तसे अलीकडचे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तोवर प्रत्येक पोते, प्रत्येक खोके धक्क्यावर हाताळावे लागे. पेटी आली आणि बंदराची गरजच बदलली. गोदामांपेक्षा मोकळे यार्ड, उंच क्रेन आणि बाहेर पडायला रुंद रस्ते हवे झाले. शहराने वेढलेल्या मुंबई बंदराला हे कुठून जमणार? म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवाला नवे बंदर उभारले गेले आणि २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. दहा वर्षांत तिथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल आले. पुढे आणखी टर्मिनल्स आली. २०२४-२५ मध्ये या बंदराने, वीस फुटी पेटीच्या मापाने, सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले.

धक्क्यावरची कामे वेगाने सुधारली. २०१६ पासून आयातदाराला माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, न नेता थेट बंदरातून उचलण्याची सोय मिळाली. पेट्यांवर त्यांचा माग ठेवणारे आरएफआयडी टॅग लागले. पण फाटकाबाहेर पडलेला ट्रेलर कोंडीत अडकला, तर धक्क्यावर वाचवलेले तास तिथेच खर्ची पडतात.

रेल्वेचेही तेच झाले. दादरी ते न्हावा-शेवा हा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग एकावर एक दोन कंटेनर नेण्यासाठी आखला गेला. त्यासाठी विजेच्या तारा सुमारे साडेसात मीटर उंचीवर ताणल्या. उत्तरेकडचे टप्पे आधी धावू लागले. वैतरणा ते बंदर हा सुमारे शंभर किलोमीटरचा तुकडा मात्र सर्वांत मागे राहिला. डोंगर, खाड्या आणि दाट वस्ती यांतून वाट काढायची होती. बंदराला टेकणारा टप्पाच शेवटी यावा, ही या प्रकल्पाची मोठी उणीव म्हटली पाहिजे.

आता बदलापूरच्या कुशीतून दुसरी वाट निघते आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा बंदराकडे जाणारा आठपदरी फाटा भोज ते मोरबे या टप्प्यात माथेरानच्या डोंगराखालून जुळ्या बोगद्यांनी जातो. बोगद्यांची लांबी चार किलोमीटरहून अधिक. गुजरातकडून येणाऱ्या मालाला ठाणे-कळंबोलीची गर्दी टाळता येईल. स्थानिक ट्रेलरना त्याचा फायदा मिळायचा, तर कारखान्यापासून या मार्गापर्यंतचे जोडरस्तेही तितकेच भक्कम हवेत.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झाले. तिथली घरे वाळवीने पोखरली आणि योग्य पुनर्वसनासाठी ही माणसे दशकानुदशके झगडत राहिली.

आता हीच परीक्षा पालघरमध्ये आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. नऊ कंटेनर टर्मिनल्स. न्हावा-शेवाला मोठ्या जहाजांसाठी गाळ उपसून खोली राखावी लागते, तर वाढवणला सुमारे २० मीटर खोली निसर्गतःच आहे. रस्त्याचा आणि रेल्वेचा जोड इथे मूळ आराखड्यातच धरला आहे, हे चांगलेच झाले. मासेमारीची जागा जाईल म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. पहिले जहाज लागण्यापूर्वी त्यांच्या उपजीविकेचा हिशोब लेखी आणि मुदतीसह ठरायला हवा. हनुमान कोळीवाड्यातल्या कुटुंबांना तो कधीच मिळाला नाही.