टर्मिनलला घाबरू नका, टॅब दाबा

लिनक्सवर नव्याने आलेल्यांची पहिली फजिती ठरलेली: टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबून कॉपी करायला जावं, तर चालू असलेलं कामच बंद! तिथे कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी, पेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. फाइलींची लांबलचक नावं टाइप करत बसू नका. दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा. मागे कधीतरी दिलेली कमांड आठवत नसेल तर कंट्रोल-आर दाबून तिचा एखादा तुकडा लिहा, अख्खी ओळ समोर येते. (मला विचाराल तर एवढ्या एका सोयीसाठी टर्मिनल शिकावं.) प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या 'सुडो'ला पासवर्ड देताना पडद्यावर बहुतेकदा काहीच उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो, लिहीत राहा. आणि 'आरएम' या कमांडने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, कायमची जाते. तिथे एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा.