हवेच्या पापुद्र्यावर

घरातला दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप रात्री निजानीज झाल्यावर सुरू करा आणि तळहात टेकतो तिथे कान लावा. बारीक, एकसुरी घरघर ऐकू येईल. आत हार्ड डिस्कची चकचकीत तबकडी फिरत असते. लॅपटॉपमधल्या अनेक डिस्कमध्ये ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०! अडीच इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने पळते.

त्या पळत्या तबकडीवर वाचणारं हेड टेकलेलं नसतं, ते तरंगतं. तबकडी फिरताना हवा ओढून घेते आणि त्या हवेच्या पापुद्र्यावर हेड उचललं जातं. दोघांत अंतर अवघं काही नॅनोमीटर. आपला केस त्याच्या हजारो पट जाड! धुळीचा कणसुद्धा तिथे डोंगर ठरतो, म्हणून ही डबी घरी कधीही उघडायची नाही.

आता दुखण्याकडे येऊ. फोल्डर उघडायला दोन मिनिटं लागली की आपण म्हणतो, लॅपटॉप म्हातारा झाला. पण कित्येकदा आत वेगळंच चाललेलं असतं. डिस्कवरची माहिती सेक्टर नावाच्या चिमुकल्या कप्प्यांत असते आणि प्रत्येक कप्प्यासोबत चूक दुरुस्त करणारे जादा अंक लिहिलेले असतात. किरकोळ बिघाड त्यातूनच भरून निघतो. तेवढ्याने भागलं नाही, तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा वाचू पाहते. त्यासाठी तबकडीचा एक पूर्ण फेरा जावा लागतो, ११ मिलिसेकंदांचा. असे शेकडो प्रयत्न झाले की पडदा गोठतो. ज्याला आपण हँग होणं म्हणतो, ती डिस्कची चिकाटी असते.

तरीही जमलं नाही, तर ती त्या सेक्टरवर संशयाची खूण करते. पुढे तिथे लिहायची वेळ आली आणि लिहिणं साधलं नाही, की राखीव जागेतला सेक्टर त्याच्या जागी नेमते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

या सगळ्याची नोंद डिस्क स्वतः ठेवते. त्या वहीला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. तीन ओळी पाहा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयित सेक्टर. हे आकडे वाढत असतील तर डिस्क खचतेय. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नाही, केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो. कित्येक चांगल्या डिस्क केवळ ही ओळ न वाचल्यामुळे भंगारात जातात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, तपासणी नंतर. दुरुस्तीचे प्रोग्रॅम सारी डिस्क पिंजून काढतात आणि थकलेल्या हेडला तेवढा ताण पुरतो. डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कवरची माहिती उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमचं शहाणपण इथे शिकण्यासारखं आहे: सहज वाचता येतील ते भाग तो आधी उचलतो, अवघड जागांकडे मागाहून वळतो.

आणि घरघरीच्या जागी ठरावीक ‘टक्... टक्...’ येऊ लागलं, तर लगेच बंद करा. हेडला तबकडीवरची वाट सापडेनाशी झाली आहे. आतली माहिती मोलाची असेल, तर पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळा आणि ती माहिती सोडवणाऱ्या जाणकाराकडे द्या. तो हवेचा पापुद्रा इतकी वर्षं टिकला, हेच केवढं मोठं नवल!