हातचा न लागणारी संख्या

नवीन जालन्याच्या मोंढ्यात कोटींचे हिशेब होतात. पण १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या वाचायला दिली, तर मुरलेला मुनीमही क्षणभर थबकेल. अंक सतरा. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त स्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांत हिचा पहिला अंक 'मध्य' या घरात बसतो. पुढचे घर परार्धाचे!

डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच. ती येते कुठून? नऊ वेळा एक मांडा : १११११११११. हिला हिनेच गुणा. कागदावर तीच ओळ नऊ वेळा येईल, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. आता उभ्या बेरजा करा. पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, चढत चढत मधल्या रकान्यात नऊ, आणि मग उतरण. बेरीज कुठेच नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा लागत नाही. सारी गंमत एवढ्यावरच उभी आहे.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या, आज आपण डोंबिवली म्हणतो त्या स्टेशनाचे हे नाव. कल्पना सुचली ती तिथे!

आता हिच्या अंकांची बेरीज करा. ८१ येते आणि ८१ने हिला नि:शेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणाऱ्या. भागण्याऐवजी ८१ने गुणले तर ९९९९९९९९८००००००००१ येतात. हा नऊ नव्वांचा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज घ्या. पुन्हा नऊ नव्वे हजर. अशा संख्येला जग 'कापरेकर संख्या' म्हणते.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या मास्तरांचे काम अनेक गणितज्ञांनी खेळ म्हणून बाजूला सारले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा नाव जगभर गेले. आक्षेप असा, की ही दहा अंकांनी लिहिण्याची करामत आहे. त्यात तथ्य आहे. संगणकाप्रमाणे शून्य आणि एक या दोनच अंकांत ही संख्या लिहिली तर ती उलटसुलट सारखी राहत नाही. तिचे वर्ग असणे मात्र टिकते. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयवही टिकतात.

पण मी पडलो मात्रा मोजणारा माणूस. गझलेतला काफिया दुसऱ्या भाषेत नेला की तुटतो. म्हणून तो मूळ भाषेत खोटा होता, असे मला कधी वाटले नाही.

आता दहा वेळा एक मांडून पाहा. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा डावीकडे सरकतो, शेजारच्या नवाचेही दहा करतो, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला आठ गेला. उतरणीवरचा मात्र जागेवर आहे.