उमलत्या वयाची पुस्तकं – भाग ५ : घरातली आणि मनातली संकटं

गेल्या भागात आपण फास्टर फेणेसारख्या साहसी नायकांविषयी बोललो. चोर, कट, पाठलाग अशी त्यांची संकटं बाहेरून येतात. आजचा विषय घरात आणि मनात उभ्या राहणाऱ्या संकटांचा आहे : वडिलांचं आजारपण, कर्ज, सुटू पाहणारी शाळा, कुणाला न सांगितलेलं प्रेम. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांची स्वतंत्र शाखाच आहे. तिथली गाजलेली 'द आउटसायडर्स' (१९६७) एस. ई. हिंटन यांनी स्वतः शाळेत असताना लिहायला घेतली होती.

मराठीत वेगळं दालन नसलं, तरी असं लेखन आहे आणि त्यातलं एक ठळक पुस्तक आपल्या वऱ्हाडातलंच आहे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्ये आली. कौतिक घर सावरायला राबते आणि तिच्या नवऱ्याला, महादेवला, महारोग होतो. त्या काळी या रोगाने माणूस गावातून उठत असे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना अमरावतीत १९४६ मध्ये महारोग्यांसाठी तपोवन उभारावं लागलं, ते याचमुळे. अशा घरात शिकायची ओढ असलेला त्यांचा मुलगा नामा वाढतो. कादंबरी कौतिकची असली, तरी पंधरा वर्षांच्या वाचकाला त्यात नामा दिसतो. संवाद वऱ्हाडीत असल्यामुळे ते दुःख इथल्या मुलाला परकं वाटत नाही.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद शिरोडकर या मुलीच्या प्रेमात पडतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. ही पुस्तकं मुलांना उपदेश करत नाहीत. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट मुलाला केवढी वाटते, हे ती त्याच्या उंचीवरून दाखवतात. सगळं शेवटी सुरळीत होईल, असं खोटं आश्वासनही देत नाहीत. म्हणूनच मुलं त्यांच्यावर विश्वास ठेवतात.

आता आजचं अकोला पाहा. नीटच्या शिकवणीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात. भिंतीवर वेळापत्रक, कोपऱ्यात मेसचा डबा, मोबाइलवर आठवड्याच्या चाचणीचे गुण. गावाकडून फोन येतो तो सोयाबीनला भाव नसल्याचा, आणि मुलगा 'माझं बरं चाललंय' म्हणून फोन ठेवतो. अमरावती विभागाने शेतकरी आत्महत्यांचा मोठा आघात सोसला आहे. वडील गेलेली मुलंही याच वर्गांत बसतात. त्यांच्या वाट्याचं पुस्तक मात्र शाळेच्या कपाटात सहसा सापडत नाही.

असं पुस्तक मुलाचं कर्ज फेडणार नाही की गुण वाढवणार नाही. पण जे बोलायला त्याला शब्द सापडत नव्हते, ते शब्द त्याला मिळतील. बोलायला शब्द मिळाले, तरच मदत मागता येते. मदत मागायची असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा क्रमांक आहे. दोन्ही मोफत आहेत.

शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी ही पुस्तकं कुलपाबाहेर काढावीत, आणि आईवडिलांनी ती मुलांच्या आधी स्वतः वाचावीत. वऱ्हाडातल्या लिहित्या हातांनो, आजच्या नामाची गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. ती तुम्हीच लिहा.