जुनी गाडी, नवं इंजिन आणि थकलेला गिअर बॉक्स

सौदी अरेबिया म्हटलं की डोळ्यांसमोर तेल, वाळू आणि भल्यामोठ्या नव्या गाड्या येतात. पण त्याच देशात जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी माणसंही पुष्कळ आहेत. त्यांची फार लाडकी गाडी म्हणजे टोयोटाची जुनी लँड क्रूझर. आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना कोकणातल्या रस्त्यांवर खडखडत जाणारी जीपगाडी आठवत असेल. तिचीच ही जपानी मावसबहीण समजा.

या गाडीला तिकडचे हौशी लोक जास्त ताकदीचं इंजिन बसवतात. मग थोड्याच वर्षांत तिचा गिअर बॉक्स कुरकुरायला लागतो. तो बदलायचा कसा आणि बदलण्याआधी काय पाहायचं, ते आज सांगते. हा विषय फक्त मेकॅनिक लोकांचा आहे असं समजू नका. वाळवंटात ऐन वेळी गिअर निसटला तर माणसाच्या जिवावर बेततं.

ही गाडी तिकडे कशी रुजली

जेद्दाच्या अब्दुल लतीफ जमील यांनी १९५५ साली सौदीमध्ये टोयोटाची विक्री हातात घेतली. १९६० साली लँड क्रूझरची ‘४०’ मालिका निघाली आणि १९८४पर्यंत चालली. साधी पत्र्याची बॉडी, चारही चाकांना ओढ आणि एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन. मेंढपाळ, शेतकरी, तेल शोधणारे, सगळ्यांना ती सोयीची पडली. कारण तिथलं रुब अल-खाली हे वाळवंटच सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. येमेन, ओमान आणि अमिरातीतही ते पसरलं आहे.

सुरुवातीच्या गाड्यांना तीनच गिअर होते आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली असे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवा, तिचाही दांडा तिथेच होता. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला, पण ड्रायव्हरच्या हाताची ती खालीवर हालचाल आपल्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांसमोर अजून आहे.

गिअर बॉक्स करतो तरी काय?

मुलांनो, हे तुमच्यासाठी. चढ आला की तुम्ही सायकलचा गिअर बदलता. मग पाय भराभर फिरतात, चाक हळू फिरतं, पण जोर वाढतो. मोटारीत हेच काम गिअर बॉक्स करतो. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये बसून तो कधी जोर देतो, कधी वेग. त्याच्या पोटात दातांची चक्रं, शाफ्ट, बेअरिंग आणि पितळी रंगाच्या सिंक्रो रिंगा असतात. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन भागांना एका गतीवर आणायचं काम या रिंगा करतात. म्हणून गिअर अलगद पडतो.

आता समजा, कारखान्याने ही सगळी रचना सव्वाशे-दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनासाठी केली. मालकाने तिथे टोयोटाचंच १९९०च्या दशकातलं साडेचार लिटरचं, दोनशेच्या वर अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. काही जण तर अमेरिकन आठ सिलिंडरचं बसवतात. इंजिन जितका पीळ देईल तितका चक्रांच्या दातांवर भार येतो. तिरप्या दातांची चक्रं एकमेकांना बाजूला ढकलतात, ते ढकलणं बेअरिंगला सोसावं लागतं. बेअरिंग सैल झालं की शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की दात अर्धवट बसतात, आणि मग गिअर निसटतो. इंजिन नवं, हृदय नवं, पण सांधे जुनेच राहिले असं हे होतं.

लक्षणं ओळखा

माझं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं. तिथे शिकवतात की लक्षण आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीचंही तसंच आहे.

गिअर टाकताना खरखर झाली म्हणजे लगेच गिअर बॉक्स गेला असं नाही. क्लच पुरता सुटत नसला, क्लचच्या पाइपात हवा शिरली असली तरी अशीच खरखर होते. म्हणून चांगला मेकॅनिक आधी क्लच पाहतो.

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, आणि घरघर येते. क्लच दाबला की ती थांबते. अशा वेळी गिअर बॉक्सच्या पुढच्या भागातल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथ्या गिअरला शक्ती खालच्या शाफ्टवरून न जाता सरळ पुढे जाते. तेव्हा इतर गिअरमध्ये येणारा रडका आवाज चौथ्यात कमी झाला, तर खालच्या शाफ्टची बाजू झिजली असावी.

शेवटी तेल काढून पाहायचं. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. पोलादाचे तुकडे मिळाले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय, मग गाडी चालवूच नये.

बदलताना

सौदी शहरांच्या कडेला गॅरेजांच्या वसाहती असतात, त्यांना बोलीत ‘सनाइया’ म्हणतात. तिथे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, येमेन अशा अनेक देशांचे कारागीर उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीच्या वर उकाड्यात गाड्यांखाली पडून काम करतात. आपल्या कोकणातूनही कित्येक मुलं आखातात अशा कामाला गेली आहेत. म्हणून पहिली गोष्ट त्यांच्या जिवाची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चारही बाजूंना भक्कम घोड्या हव्यातच. गिअर बॉक्स आणि त्याच्या मागे जोडलेली, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी ट्रान्सफर केस मिळून फार जड होतात. ती हातावर पेलायची वस्तू नाही, गिअर बॉक्सचा खास जॅक लागतो.

मग बॅटरीची वायर काढायची, तेल उपसायचं, प्रोपेलर शाफ्टवर खुणा करून ते सोडवायचे. गिअरचा दांडा आणि आतलं फरशीचं झाकण काढायचं. इंजिनाला खालून लाकूड देऊन टेकू द्यायचा आणि जोडणी मागे सरकवून उतरवायची.

पोट उघडलंच आहे तर आतलं सगळं पाहून घ्यावं. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, इंजिनाच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग, मागचं ऑइल सील. या वस्तू त्या मानाने स्वस्त आहेत. त्या वाचवायच्या आणि पुन्हा सगळं उतरवायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार.

नवा गिअर बॉक्स कोणता? लँड क्रूझरच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनांना टोयोटाचाच १९८०च्या दशकातला ‘एच५५एफ’ हा पाच गिअरचा बॉक्स चांगला जुळतो, म्हणून जगभर त्याला मागणी असते. पाचव्या गिअरमुळे लांबच्या रस्त्यावर इंजिन शांत चालतं. मात्र तो चार गिअरच्या बॉक्सपेक्षा लांब आहे. त्यामुळे प्रोपेलर शाफ्टची लांबी बऱ्याचदा बदलून घ्यावी लागते. इंजिन वेगळ्या घराण्यातलं असेल तर मध्ये जोड-प्लेट किंवा त्याला जुळणारं बेल हाउसिंग लागतं.

आणि इथेच खरी मेख आहे. इंजिनाच्या शाफ्टची मधली रेषा आणि गिअर बॉक्सच्या शाफ्टची मधली रेषा एक असली पाहिजे. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच चालतो. डोळ्यांना तो दिसत नाही, डायल गेज लावूनच कळतो. जोड-प्लेट जराशी वाकडी बसली असेल तर शाफ्ट प्रत्येक फेरीला बेअरिंगला एक धक्का देतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्या धरल्या तर किती धक्के झाले, मुलांनो, तुम्हीच हिशेब करा. अशा गाडीत कितीही भारी गिअर बॉक्स टाका, त्याचीही तीच गत होणार. म्हणून जुना गिअर बॉक्स फेकण्याआधी तो कशाने मेला हे विचारायला हवं. भाराने, तेल कमी पडल्याने, की वाकड्या जोडणीने?

बसवताना गिअर बॉक्स आपल्या आपण सरकून आत जायला हवा. बोल्ट आवळून त्याला ओढू नये, त्यात क्लच प्लेट वाकते किंवा हाउसिंगला चीर जाते. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेच घालावं. ‘जीएल-५’ हे तेल अंकाने मोठं म्हणून ‘जीएल-४’पेक्षा चांगलं, असं नसतं. त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत.

जिवाचा प्रश्न का?

वाळूची टेकडी चढताना गाडी अर्ध्यावर थांबली तर ती कधीही आडवी वळवायची नाही. आडवी झालेली गाडी उतारावर लोळते. रिव्हर्स टाकून, आल्या वाटेने सरळ मागे, इंजिनाच्या धरावर हळूहळू उतरायचं असतं. नेमका त्या क्षणी रिव्हर्स गिअर निसटला तर? ब्रेक दाबावा तर चाकं घसरतात, गाडी आडवी होते. आत बसलेल्यांच्या जिवाशी गाठ येते. म्हणून जाणती माणसं वाळवंटात एकट्या गाडीने जात नाहीत आणि गिअर निसटणारी गाडी घेऊन तर नाहीच नाही.

डाकार रॅली २०२०पासून सौदी अरेबियात होते. २०२१पासून तिच्याबरोबर जुन्या गाड्यांची ‘डाकार क्लासिक’ही भरते. त्या गाड्या दिवसचे दिवस वाळूतून जातात. तिथे सर्वांत वेगवान कोण हे पाहत नाहीत, ठरलेली सरासरी गती कोण नेमकी सांभाळतो ते पाहतात.

तुमचा नातू जुनी गाडी घेऊन तिच्यात मोठं इंजिन टाकायचं म्हणाला, तर त्याचा हिरमोड करू नका. एवढंच विचारा, ‘‘बाळा, गिअर बॉक्सला हे पेलेल का? आणि जोडणी डायल गेजने कोणी मोजली?’’ काम झाल्यावर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर गाडी सबुरीने चालवावी, मग तेल एकदा काढून त्यात चमक दिसते का ते पाहावं.

ज्यांच्या घरी गावाकडे जीपगाडी होती किंवा ज्यांनी मुंबईत पद्मिनी चालवली, त्यांनी आपल्या आठवणी जरूर लिहून पाठवाव्यात. मुलं आवडीने वाचतील.