कुलूप नसलेलं बियाणं

गेल्या आठवड्यात नैसर्गिक निवडीबद्दल बोललो. आज माणूस करतो ती निवड, आणि तिचा मोबदला कोणाच्या खिशात जातो हा अर्थशास्त्राचा प्रश्न. दोन्हींसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या सिंदेवाहीपासून फार लांब जायला नको. शेजारच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं ते वेगळं.

१९८३ साली तिथल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या बांधीत पटेल-३ जातीचा धान उभा होता. त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे पिवळसर. दादाजींनी त्या घरी जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात थोड्याशा जागेत वेगळ्या लावल्या. रानडुकरं येतात म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं. पुढची काही वर्षं तेच काम: मनासारख्या लोंब्या बियाण्याला ठेवायच्या, बाकीचा धान खायला. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर.

निवड नवं काही घडवत नाही, हे इथे नीट दिसतं. फरक आधीच पडलेला असतो. निवडणारा तो फक्त हेरतो आणि राखतो. डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरणही पाळीव प्राण्यांवर, त्यातही कबुतरांवर आहे. शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावून त्यांची रूपं कशी पालटली, ते दाखवून मग तो निसर्गाकडे वळतो. दादाजींना आणखी एक गोष्ट अनुकूल होती. धानाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून वेगळी लोंब काही पिढ्यांत स्थिर होते, बियाणं आईबापासारखंच निघतं. प्रयोगशाळा लागत नाही; नजर लागते आणि चिकाटी.

तांदूळ निघाला बारीक आणि चवदार. बाजारात व्यापाऱ्याने त्याला तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून या वाणाचं बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केलं. बियाणं आम्ही शुद्ध केलं, अशी विद्यापीठाची बाजू. शुद्धीकरणाला मेहनत लागते, हे खरंच. पण शुद्ध करायला आधी वाण हाती असावा लागतो.

आता अर्थशास्त्र. एका पोत्यातला तांदूळ मी खाल्ला तर तो तुम्हाला उरत नाही. पण वाण ही एक माहिती आहे, दाण्यात भरलेली. ती मी वापरली म्हणून तुमच्यासाठी कमी होत नाही, आणि एकदा गावात गेली की कोणाला अडवताही येत नाही. १९५४ मध्ये पॉल सॅम्युएलसनने अशा सार्वजनिक वस्तूंचं गणित मांडलं. त्याचं सार असं की त्या सगळ्यांच्या उपयोगी पडतात, पण बाजार त्यांच्या निर्मात्याला पुरेसं देत नाही.

कापसात मात्र चित्र वेगळं. गुजरातेत १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला. संकरित वाणाची सरकी ठेवून पुन्हा पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरसाल पाकीट विकत घ्यावं लागतं. म्हणजे कुलूप बियाण्यातच बसवलेलं. खासगी कंपन्यांचा ओढा संकरित बियाण्याकडे का, ते यावरून कळतं. धानाच्या सरळ वाणाला असं कुलूप नाही. ज्या स्वपरागणाने दादाजींचं काम सोपं केलं, त्यानेच त्यांची कमाई बुडवली.

मग पेटंट हवं होतं का? मला नाही वाटत. पटेल-३ वर तसा हक्क असता, तर त्याच्या तीन लोंब्या वेगळ्या लावतानाही दादाजींना परवानगी मागावी लागली असती. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. पण सन्मान एकदाच होतो, वाण दरसाल पेरला जातो. शेतकऱ्याने शोधलेल्या वाणाची नोंदणी, शेतकऱ्याला बियाणं राखण्याची मोकळीक आणि मोबदल्यासाठी राष्ट्रीय जनुक निधी, या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारा कायदा संसदेने २००१ मध्ये केला. तोवर एचएमटी पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या पलीकडे केव्हाच पोचला होता.